रेषेबाहेरचे आईबाप : पेडणे-डिचोलीच्या शालेय फुटबॉलचा एक अलिखित अध्याय

शापोरा नदीच्या दक्षिण तीरावर बार्देशातील शिवोली आणि उत्तर तीरावर पेडणे महालातील चोपडे, अशी दोन गावे समोरासमोर वसलेली आहेत. आज त्यांच्यामध्ये पूल आहे. पूल होण्यापूर्वी फेरीबोट होती आणि ती काही मिनिटांत पैलतीरी पोचवीत असे. गोमंतकात फुटबॉलचा प्रवेश झाला तो या शिवोलीत, १८८३ साली, असे या खेळाचा इतिहास सांगतो. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी शिक्षणाचा एक भाग म्हणून मुलांना हा खेळ शिकविला आणि पुढे तो बार्देश, तिसवाडी, सासष्टीत पसरला. इतक्या जवळ आलेला चेंडू नदी ओलांडून आपल्या हायस्कुलांच्या मैदानांवर रुजायला मात्र फार काळ लागला. त्या मैदानाच्या कडेला खेळणाऱ्या मुलाचे आईवडील येऊन उभे राहायला तर जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. हा विलंब का झाला, तो कसा सरला आणि चुन्याच्या रेषेबाहेर उभ्या राहिलेल्या त्या आईबापांच्या पदरात काय पडले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

खेळाडू, क्लब आणि चषक यांचा इतिहास थोडाफार लिहिला गेला आहे. कडेला छत्री धरून उभ्या असलेल्या पालकाची नोंद मात्र कोठेच नाही. आयुष्य सरकारी दप्तरे चाळण्यात गेल्यामुळे आम्हाला एवढे ठाऊक आहे की, ज्या गोष्टीचा कागद नसतो ती गोष्ट दोन पिढ्यांत घडलीच नव्हती असे होऊन बसते. म्हणून हा कागद.

प्रथम भूगोल आणि राजकारण पाहू. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्या. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांनी, त्यांच्या अमलाखाली आले. या दोन शतकांच्या अंतराने गावांची घडणच वेगळी झाली. जुन्या काबिजादींत चर्च, चर्चसमोरचे मोकळे पटांगण आणि चर्चची शाळा ही तिन्ही एकत्र असत. शाळेला पटांगण मिळाले, पटांगणाला खेळ मिळाला. आपल्याकडे गावाचे केंद्र देऊळ. मराठी शाळा भरे ती देवळाच्या अग्रशाळेत, नाहीतर एखाद्या वतनदाराच्या ओसरीवर. देवळाचे प्रांगण पालखीचे, जत्रेचे, काल्याचे आणि रात्रीच्या दशावताराचे. तेथे पोरे हुतूतू आणि आट्यापाट्या खेळत, पण गोलाचे खांब रोवायला ती जागा नव्हती. हरमल, कोरगाव अशा गावांतील ख्रिस्ती वाड्यांचे बार्देशाशी येणेजाणे असल्याने त्यांची गोष्ट निराळी. आम्ही बोलत आहोत ते मराठी शाळांतून अक्षरओळख झालेल्या घराण्यांविषयी. त्यांना फुटबॉल नावडता होता असे म्हणण्यापेक्षा त्यांच्या शाळेला अंगण नव्हते, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

चेंडूचीही एक अडचण होती. तो चामड्याचा असे. आमच्या पेडण्याच्या मूळ घरात आजीच्या हयातीत चामड्याचा चेंडू ओसरीची पायरी चढू शकत नसे. तो गोठ्याच्या वळचणीला ठेवायचा, हातपाय धुवायचे आणि मग घरात यायचे, असा शिरस्ता होता. आजीचा खेळाशी दावा नव्हता, सोवळ्याशी होता. ‘पाद्र्यांचा खेळ’ असा शब्द वडीलधाऱ्यांच्या तोंडी असे, पण त्यात तिरस्कारापेक्षा दूरपणा अधिक होता. शेजारच्या गावचे फेस्त जसे त्यांचे, तसा तो खेळही त्यांचा, इतकेच.

तिसरे कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्याचा विचार कोणी फारसा केलेला नाही. ते कारण म्हणजे ऋतू. गोव्यात हायस्कुले २०२४ पर्यंत जूनमध्ये उघडत आणि आंतरशालेय फुटबॉलच्या तालुका पातळीवरील स्पर्धा पावसाळ्यात, बहुधा चतुर्थीच्या सुट्टीच्या आत, उरकल्या जातात. तेथून जिंकणारा संघ जिल्ह्याला, जिल्ह्यातून राज्याला आणि राज्यातून दिल्लीला जातो. पण जून-जुलै हा सरद शेतीच्या लावणीचा हंगाम. मुलगा चिखलात चेंडूमागे धावत असे त्याच घटकेला बाप दुसऱ्या चिखलात कमरेत वाकून तरवा लावीत असे. खेळ आणि शेती यांची वेळ एकच आणि चिखलही एकच. शेतावर पोट असलेल्या बापाने सामना पाहायला यावे, ही अपेक्षाच त्या व्यवस्थेत बसत नव्हती.

१९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि या तिन्ही कारणांना एकेक करून तडे गेले. गोव्यातील फुटबॉलची संघटना १९५९ मध्येच स्थापन झाली होती. दिल्लीत १९६० मध्ये शालेय संघांसाठी सुब्रतो चषकाची स्पर्धा सुरू झाली होती. म्हणजे वरचा सांगाडा तयार होता, उणीव होती ती तळातल्या शाळांची. ती भरून काढली स्वराज्यातील पहिल्या लोकनियुक्त सरकारने. १९६३ च्या डिसेंबरात मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर हे पेडण्यात जन्मलेले. त्यांच्या कारकिर्दीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, आणि प्राथमिक शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी खासगी शिक्षणसंस्थांनी अनुदानावर हायस्कुले काढली. हायस्कूल आले की त्याच्यामागून मैदान आले, शारीरिक शिक्षणाचे मास्तर आले, हजेरीपटाबरोबर क्रीडासाहित्याची नोंदवही आली. भाऊसाहेबांना खेळांची आवड होती. १९७० मध्ये सुरू झालेल्या बांदोडकर सुवर्णचषक स्पर्धेमुळे फुटबॉलशी एका पेडणेकराचे नाव कायमचे जोडले गेले. नदीपलीकडच्या खेळाला नदीअलीकडचे नाव मिळाले, ही गोष्ट आमच्या घरांच्या दृष्टीने लहान नव्हती.

आम्ही स्वतः हायस्कुलात होतो ते १९७० च्या दशकात. आमचे मैदान म्हणजे सड्याचा एक तुकडा. वर पातळ माती आणि खाली जांभा दगड. पहिला पाऊस पडून माती वाहून गेली की दगडाची टोके वर येत. संघातील बहुतेक मुले अनवाणी खेळत. बूट दोघातिघांकडे असत आणि तेही थोरल्या भावाचे, पुढे कापूस कोंबलेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय संघातील अनेकजण अनवाणी खेळले होते, ही कथा मास्तर आम्हाला सांगत आणि आमच्या उघड्या पायांना त्यामुळे राष्ट्रीय प्रतिष्ठा लाभे. पावसाळा संपून पीक कापले गेले की मळे मोकळे होत आणि खरा खेळ तेथे रंगे. ज्या मळ्यात वायंगण नसे तो मळा पुढच्या पावसापर्यंत आमचा. एका तालुका सामन्यात आम्ही गोल केला, ती वार्ता धापा टाकीत घरी आणली. वडिलांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “बरे झाले. उद्या पहाटे लावणीला ये, दोन माणसे कमी आहेत.” यात आम्हाला तेव्हा काही खटकले नाही आणि आजही खटकत नाही. त्या पिढीचा बाप मैदानावर आला नाही तो वेळेअभावी, मायेअभावी नव्हे.

डिचोलीची तऱ्हा थोडी वेगळी. तेथे खाण होती. १९५० च्या दशकापासून या भागातील लोहखनिज जपानकडे जाऊ लागले आणि मातीवर जगणारे गाव मातीखालच्या मातीवर जगू लागले. खाणीवर नोकरी म्हणजे महिन्याचा पगार, ठरलेली पाळी आणि ठरलेली सुट्टी. शेतकरी बापाला जे जमत नव्हते ते पहिल्या पाळीच्या कामगाराला जमू लागले. दुपारी पाळी सुटली की लाल धुळीने माखलेल्या कपड्यांनिशी तो मैदानाच्या कडेला येऊन उभा राही. तिकडे मुक्तीनंतरच्या प्रशासनात आमच्यासारखी कितीतरी माणसे कारकून, तलाठी, शिक्षक, अभियंता म्हणून लागली. १९८० मध्ये कदंब महामंडळ निघाले आणि दुसऱ्या गावचा सामना पाहून दिवेलागणीपर्यंत घरी परतणे शक्य झाले. मैदानावरचा पालक हा माणूस असा जन्माला आला. त्याचे पितृत्व पगारी नोकरीकडे, नैमित्तिक रजेकडे आणि एस.टी.सारख्या सार्वजनिक बसकडे जाते. अर्ध्या दिवसाच्या रजेच्या अर्जावर ‘घरगुती काम’ असे लिहून सामन्याला गेलेले सहकारी आम्ही पाहिले आहेत. कारण खोटे होते असे आम्हाला वाटत नाही.

मने बदलायला मात्र आणखी काही हवे होते. ते मिळाले १९८० च्या दशकात. १९८२-८३ मध्ये गोव्याने बंगालबरोबर संयुक्तपणे संतोष चषक जिंकला आणि पुढच्याच वर्षी तो एकट्याने जिंकला. या यशामागचा गोलरक्षक होता ताळगावचा ब्रह्मानंद शंखवाळकर. तो भारताचाही कर्णधार झाला आणि १९९७ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. मराठी दैनिकांच्या पहिल्या पानावर ब्रह्मानंद हे नाव मोठ्या टाइपात छापलेले पाहिले, तेव्हा आमच्यासारख्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून ‘पाद्र्यांचा खेळ’ हा शब्दप्रयोग आपोआप गळाला. पुढच्या पिढीत महेश गवळी, समीर नाईक ही नावे भारतीय संघात दिसली. एखादा खेळ आपला होतो तो उपदेशाने नव्हे. आपल्या नात्यात शोभेल असे एखादे नाव त्यात दिसले की होतो. वास्तविक १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हाही मूळ गोव्याचाच होता. पण त्याचा अभिमान वाटून घ्यायला आम्हाला ब्रह्मानंदाची वाट पाहावी लागली, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

एक व्यवहारी कारणही पुढे आले. शालान्त परीक्षेत गोवा बोर्डाकडून क्रीडागुण मिळण्याची सोय झाली. ‘खेळतोस काय, अभ्यास कर’ म्हणणारे पालक ‘खेळतोस तर प्रमाणपत्र आण’ म्हणू लागले. उच्च आदर्शांनी जे साधत नाही ते कधीकधी चारदोन गुणांनी साधते. पण गुणांसाठी मैदानावर आलेला पालक गुण मिळाल्यावरही येत राहिला, हे विशेष. तो का येत राहिला हे सांगायचे तर थोडे स्वतःविषयी बोलणे भाग आहे.

नोकरीनिमित्त आम्ही डिचोलीत स्थायिक झालो आणि आमचे चिरंजीव तालुक्यातील एका हायस्कुलात शिकले. १९९९ मध्ये साखळीला सेसा फुटबॉल अकादमी सुरू झाली. खाणीतून निघालेल्या पैशातून मुलांसाठी फुटबॉलची शिस्तबद्ध शाळा उघडते, हे पाहून तालुक्यातील प्रत्येक वाड्यावर स्वप्ने पेरली गेली. चिरंजीव अकादमीत गेले नाहीत, पण शाळेच्या संघात डाव्या बाजूचे बचावपटू झाले. त्या दोन-तीन पावसाळ्यांत आम्ही पाहिलेले सामने बोटांवर मोजण्यासारखे आहेत, कारण ही स्पर्धा बाद पद्धतीची. हरला की संपले. वर्षभर पहाटे पाचला उठून केलेला सराव तासाभरात निकालात निघतो. पहिल्या सामन्याला पालक रमतगमत येतात. दुसऱ्याला वेळेवर येतात. तिसऱ्याला अर्धा तास आधी येऊन उभे राहतात, कारण तोवर त्यांना कळलेले असते की हा कदाचित शेवटचा असेल.

डिचोलीतील जुलैचे मैदान ज्यांनी पाहिले आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. लाल पाणी, लाल चिखल, पहिल्या दहा मिनिटांनंतर दोन्ही संघांचा रंग एकच. चुन्याने आखलेली रेषा पावसात विरघळून जाते, मग मास्तर ती पुन्हा आखतात, मग ती पुन्हा विरघळते. कडेला छत्र्यांची रांग. दोन्ही गावचे पालक आरंभी दोन बाजूंना उभे असतात. पाऊस वाढला की एकाच आंब्याखाली येतात. तेथे शिरगाव, मये, साखळी, नार्वे अशा गावांचे लोक, ट्रकमालक, शिक्षक, भाटकार, कधी एखादा पाव विकणारा पोदेर सायकल लावून थांबलेला. ज्यांचा एरवी एकमेकांच्या ओसरीशी संबंध येत नाही असे लोक तासभर एका झाडाखाली उभे राहतात आणि त्यांची मुले एकमेकांशी झुंजत असतात. नव्या-जुन्या काबिजादींचे अंतर शासनाच्या कोणत्याही योजनेने मिटविले नसेल इतके त्या आंब्याखाली मिटलेले आम्ही पाहिले.

एकदा जिल्हा पातळीवरील सामना म्हापशाच्या बाजूला होता. समोरचा संघ बार्देशातील. उत्तरार्धात चिरंजीव एका उंच चेंडूसाठी उडाले, दुसऱ्या मुलाशी आदळले आणि जे पडले ते उठेनात. आम्ही रेषेपर्यंत धावलो आणि थांबलो. फुटबॉलचा नियम असा की, रेफरीने खूण केल्याशिवाय बाहेरच्या कोणी मैदानात पाऊल टाकायचे नाही. आमच्या सहीने कितीतरी माणसांची कामे मार्गी लागत असत, पण त्या चार बोटे रुंदीच्या विरघळत्या चुन्यापुढे आमची सही चालत नव्हती. शेजारी एक वयस्क ख्रिस्ती गृहस्थ उभे होते. त्यांचा नातू समोरच्या संघात. त्यांनी आपली छत्री आमच्या डोक्यावर धरली आणि हळूच म्हणाले, “भियेवं नाकात, बाब. तो उठतलो.” मास्तर आत गेले, पाणी मारले, खांदा चाचपला. मुलगा उठला. त्या गृहस्थांनी आमच्याआधी टाळ्या वाजविल्या.

आमचा संघ तो सामना एका गोलाने हरला. परतीच्या बसमध्ये मुले एका बाजूला आणि आम्ही दोघेतिघे पालक दुसऱ्या बाजूला. कोणी कोणाशी बोलत नव्हते. रात्री पानावर बसल्यावर चिरंजीवांनी एकच प्रश्न विचारला, “बाबा, तुम्ही शेवटपर्यंत होतात?” आम्ही होय म्हटले. त्याने मान डोलावली आणि आईकडे आणखी आमटी मागितली. मैदानावर जाणाऱ्या पालकाला मिळते ते इतके. पण तेवढे मिळावे म्हणून दर पावसाळ्यात शेकडो माणसे भिजत उभी असतात, म्हणजे त्याचे मोल काहीतरी असलेच पाहिजे.

आमच्या मते ते मोल असे. घरात आपण मुलाला सांगत असतो, शाळेत शिक्षक सांगत असतात. मैदान ही अशी एकच जागा आहे जेथे मूल आपल्या डोळ्यांदेखत स्वतः ठरवते आणि आपल्याला गप्प राहावे लागते. पास डावीकडे द्यायचा की उजवीकडे, पडल्यावर उठायचे की नाही, हरल्यावर समोरच्याशी हात मिळवायचा की नाही, हे सारे त्याचे. पालकाचे काम साक्षीचे. आपल्या परंपरेत साक्षीभावाची थोरवी पुष्कळ सांगितली आहे. तिचा सराव करायची सोय पावसातील शालेय सामन्याइतकी चांगली अन्यत्र क्वचितच मिळेल.

ही साक्ष जगभरातच अवघड जाते असे दिसते. फुटबॉलची मायभूमी असलेल्या इंग्लंडमध्ये मुलांच्या सामन्यांत पालकांचा आरडाओरडा इतका वाढला की, तेथील फुटबॉल संघटनेला २००८ मध्ये परस्परसन्मानाची मोहीम हाती घ्यावी लागली आणि पालकांनी मैदानापासून दूर उभे राहावे म्हणून वेगळ्या कक्षा आखाव्या लागल्या. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांकडून निराळेच ऐकायला मिळते. तेथे ‘फुटबॉल’ म्हणतात तो खेळ लांबोळक्या चेंडूने, मुख्यतः हाताने खेळतात. पण शुक्रवारी रात्री हायस्कूलचा सामना असला की लहान शहरांत सारे गाव दिव्यांच्या उजेडात गोळा होते आणि पालक खाद्यपदार्थांचे ठेले लावून संघासाठी पैसा उभारतात. आपल्याकडच्या जत्रेशी ते दृश्य अधिक जुळते. दोन्ही उदाहरणांवरून एवढेच ध्यानात येते की, पालक मैदानावर आले म्हणजे काम संपले असे नाही. ते कसे उभे राहतात यावर मुलाचा खेळ उभा असतो.

आपल्या तालुक्यांतही चित्र पालटले आहे. गोवा शासनाने २०११ मध्ये फुटबॉल विकासासाठी परिषद स्थापिली आणि २०१२ मध्ये फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. त्याच २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि डिचोली तालुक्यातील कितीतरी घरांचा महिन्याचा पगार थांबला. एका हाताने मान आणि दुसऱ्या हाताने पोटाची चिंता, असे ते वर्ष. तरीही मुले खेळत राहिली. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने फातोर्ड्याला झाले आणि २०२२ मध्ये मुलींच्या विश्वचषकाचे. सुब्रतो चषकातही २०१२ पासून मुलींचा गट आहे. आमच्या पिढीत मुलगी चेंडूला पाय लावील हे कोणाच्या मनातही आले नसते. आज आमच्या नात्यातील एक नववीतली मुलगी शाळेच्या संघातून खेळते आणि तिची आई कार्यालयातून परस्पर दुचाकीवरून मैदान गाठते. आमच्या सौभाग्यवती चिरंजीवांच्या वेळी घरी देव पाण्यात ठेवून बसत, कारण बायकांनी मैदानाच्या कडेला उभे राहण्याची रीत नव्हती. आता त्या या नातीच्या सामन्याला खुर्ची घेऊन जातात आणि ऑफसाइडविषयी आमच्याशी वाद घालतात. अर्ध्या शतकात घडलेले हे स्थित्यंतर कोणत्याही समाजसुधारकाच्या चरित्रात शोभण्यासारखे आहे.

काही गोष्टी मात्र मनाला टोचतात. पूर्वी दहा पालक असत आणि वीस डोळे मैदानावर खिळलेले असत. आता पन्नास असतात, पण निम्म्यांच्या डोळ्यांपुढे मोबाइल असतो. मुलगा गोल करतो आणि कडेला पाहतो, तेव्हा त्याला बापाचा चेहरा दिसत नाही, यंत्राची पाठ दिसते. काहीजण रेषेबाहेरून सतत सूचना देत राहतात. मुलगा एका कानाने मास्तरांचे आणि दुसऱ्या कानाने बापाचे ऐकत मधेच उभा राहतो. हे दोष सुधारण्याजोगे आहेत.

सहज सुधारता येणार नाही असे संकट वेगळे आहे आणि ते जमिनीचे आहे. या लेखात वर आलेली मैदाने वाचकांनी पुन्हा डोळ्यांसमोर आणावीत. कापणीनंतरचा मळा, जांभ्याचा सडा, देवळामागची मोकळी जागा. पेडण्यात मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला. २०२२ च्या ११ डिसेंबरला त्याचे उद्घाटन झाले आणि नव्या वर्षाच्या आरंभी विमाने उतरू लागली. प्रगती हवी आणि रोजगारही हवा. पण विमानतळामागून रस्ते, वसाहती आणि हॉटेले येतात आणि आसपासच्या प्रत्येक मोकळ्या तुकड्याला चौरस मीटरचा भाव लागतो. मळ्यांचे भूरूपांतर होते. एके काळी पडीक मळा म्हणजे मुलांचे मैदान असे समीकरण होते. आता पडीक मळा म्हणजे विक्रीचा फलक. ज्या घरांच्या मालकीचे हे मळे आणि सडे आहेत त्यांत आपली जुनी घराणीही आहेत, हे या पत्रिकेच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. शाळेला अंगण नव्हते म्हणून चेंडू नदी ओलांडेना, हे आपण आरंभी पाहिले. अंगण मिळाले तेव्हा तो आला. अंगण गेले तर तो परत जायला शंभर वर्षे लागणार नाहीत.

म्हणून दोन विनंत्या. पहिली मालकांना. वाड्यावरची मुले ज्या तुकड्यावर पिढ्यान्पिढ्या खेळत आली तो तुकडा विकण्यापूर्वी शाळेला किंवा पंचायतीला एकदा विचारावे. एखादा तुकडा पूर्वजांच्या नावे मैदान म्हणून राखता आला, तर अग्रशाळा बांधण्याइतकेच ते पुण्य आहे.

दुसरी विनंती सर्वांना. आपल्या हायस्कुलांच्या जुन्या क्रीडा नोंदवह्या ओल आणि वाळवी यांच्या तोंडी पडत आहेत. १९६५ पासून १९९० पर्यंतच्या तालुका सामन्यांत कोण खेळले, कोठे खेळले, कोण जिंकले, मास्तर कोण होते, हे सांगू शकणाऱ्यांतील सर्वांत जुनी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. आपल्या घरात असा कोणी असेल तर पुढच्या पावसाळ्याआधी त्याच्याजवळ वही घेऊन बसावे. संघाचे छायाचित्र असेल तर त्याच्या मागे नावे लिहून ठेवावीत, डावीकडून उजवीकडे. आणि विचारताना आणखी एक प्रश्न जरूर विचारावा : तुमचा सामना पाहायला घरचे कोण आले होते? बहुतेकजण ‘कोणी नाही’ असे म्हणतील. ते उत्तरही लिहून घ्यावे, आणि त्या दिवशी घरचे कोठे, कोणत्या कामात होते तेही त्याखाली लिहावे. आपल्या दोन तालुक्यांचा इतिहास त्या दोन ओळींत बराचसा येऊन जाईल.